आधी कडेवरून खाली, मग खेळणी

प्रश्न : मुलगी वीस महिन्यांची आहे. चौदाव्या महिन्यात चालायला लागली. आम्ही दोघं नोकरीला जातो, दिवसभर ती आजी-आजोबांजवळ असते. घर वन बीएचके, तिसऱ्या मजल्यावर. नणंदेचा मुलगा हिच्याच वयाचा, पण तो पलंगावर चढतो, जिना चढतो. आमची साधं सोफ्यावरून उतरायचं तरी हात पुढे करते. तिच्या शारीरिक विकासासाठी कोणते खेळ घ्यावेत, रोज किती वेळ आणि कोणती खेळणी आणावीत? जवळच लहान मुलांचं जिम निघालंय, तिथे नाव घालावं का?

उत्तर :

चौदाव्या महिन्यात चाललेली मुलगी मागे नाही, हे आधी सांगून टाकते. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या मुलांच्या हालचालींची नोंद ठेवून २००६ मध्ये वयाचे टप्पे प्रसिद्ध केले; त्यात आपल्या दिल्लीची मुलंही होती. त्यानुसार आधाराशिवाय चालायला लागण्याचं वय ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत कुठेही असू शकतं. चार टक्क्यांहून थोडी जास्त मुलं तर हात-गुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत. तेव्हा नणंदेच्या मुलाला या हिशेबातून काढून टाका. बारशाला सुरू झालेली ही तुलना दहावीच्या निकालापर्यंत चालते. आत्ताच थांबवलीत तर दोन्ही घरांचं बरं होईल.

मात्र तुमच्या प्रश्नातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटली: उतरायचं असलं की ती हात पुढे करते. हात पुढे केला की कोणीतरी उचलतं, हे तिला पक्कं कळलंय. चार मोठी माणसं आणि एकच लहान मूल असलेल्या घरात हे हमखास होतं. मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे. ‘अजून चढत नाही’, ‘उडी मारत नाही’ म्हणून माझ्याकडे आणलेल्या पुष्कळ मुलांच्या हातापायांत काहीही कमी नसतं. त्यांना जमिनीवर मोकळं राहायला मिळत नाही, एवढंच. सकाळी कडेवर, मग जेवणाच्या खुर्चीत, दुपारी झोळीत, संध्याकाळी बाबागाडीत आणि मध्ये मोबाइलसमोर. दिवसाचा हिशेब मांडला तर त्यांच्या पायांच्या वाट्याला तासभरही येत नाही.

न्यूयॉर्क विद्यापीठाच्या कॅरन अडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास मी पालकांना नेहमी सांगते. १२ ते १९ महिन्यांची मुलं मोकळी खेळत असताना त्यांनी पावलं मोजली. सरासरी ताशी २,३६८ पावलं, ७०१ मीटर अंतर आणि १७ वेळा पडणं! आपण ज्याला ‘नुसती लुडबुड’ म्हणतो ती एवढी मोठी मेहनत असते. प्रत्येक वेळी पडताना मूल हातांवर भार घेतं, वळतं, उकिडवं बसतं आणि तोल सावरून पुन्हा उभं राहतं. हे सगळं शिकवायला मला क्लिनिकमध्ये कितीतरी युक्त्या कराव्या लागतात. घरी ते फुकटात होतं, पण पडायच्या आधीच आपण झेलत राहिलो तर होत नाही.

वेळेचं विचारलंत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनेनुसार या वयात दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल हवी, आणि गाडीत, खुर्चीत किंवा पाठीवर-पोटावर बांधून सलग एका तासापेक्षा जास्त ठेवू नये. तीन तास ऐकून दचकू नका. हा व्यायामाचा तास नव्हे. खोलीतून खोलीत जाणं, वाकणं, चढणं, वस्तू ओढणं, आंघोळीआधी पळून जाणं, सगळं त्यात धरायचं. दहा-पंधरा मिनिटांचे तुकडे दिवसभर पडले की तीन तास सहज भरतात. त्याच सूचनेत या वयाला झोप ११ ते १४ तास, दुपारची धरून, सांगितली आहे. झोप अपुरी झालेलं मूल किरकिर करतं आणि उचलून घ्यायला लावतं, मग आपल्याला वाटतं त्याला खेळायचंच नाही. स्क्रीनबद्दल आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचंही म्हणणं स्पष्ट आहे: दोन वर्षांखाली अजिबात नको.

आता खेळ. तुमच्याकडे सुरुवात चढण्यापासून करू नका, उतरण्यापासून करा. ज्याला उतरता येतं ते मूल आपण होऊन चढतं. ज्याला येत नाही ते एकतर चढतच नाही, किंवा चढून डोक्यावर पडतं.

तिला सोफ्यावर बसवा. ती समोर तोंड करून सरकायला लागली की थांबवा आणि पालथी वळवा: पोट सोफ्यावर, पाय कडेच्या बाहेर. इथे तुमचा हात काखेत घालू नका. काखेत हात गेला की तिचं वजन तुम्ही उचलता आणि ती पाय सैल सोडून देते. हात कमरेच्या खाली, कुल्ल्यावर ठेवा आणि हलकेच खाली सरकू द्या. पाय हवेत लोंबकळतील, अंगठे जमीन शोधतील. याच क्षणाला बहुतेक मुलं घाबरून सोफ्याचं कव्हर मुठीत आवळतात. आवळू द्या, ती पकड तिच्या उपयोगाची आहे. घाईने उचलू नका, दोन श्वास थांबा. एक पाऊल टेकलं की दुसरं आपोआप येतं. ‘पाय आधी, पाय आधी’ एवढेच शब्द, दर वेळी तेच, आणि घरातल्या सगळ्यांनी तेच म्हणायचे. आजी ‘वळ बाळा’ म्हणाली आणि बाबा ‘उलटं उलटं’ म्हणाला तर तिला ते तीन वेगळे खेळ वाटतात. दिवसातून पाच-सहा वेळा, जेव्हा जेव्हा तिला उतरायचं असेल तेव्हाच. कुल्ल्यावरचा हात हळूहळू हलका करत न्या, मग नुसता जवळ ठेवा. सोफा जमला की पलंग, त्यानंतर जिना.

उतरणं जमायला लागलं की गाद्यांचा डोंगर करा. घरातल्या गाद्या, लोड, तक्क्ये, जाड उशा, दुमडलेली रजई एकावर एक रचायची, वर सतरंजी घालायची आणि टोकाला तिची आवडती बाहुली ठेवायची. हा डोंगर भुसभुशीत असतो आणि तेच हवं. टणक जमिनीवर पाय एकदा टेकला की काम झालं; मऊ गादीवर पाय सारखा आत जातो, त्यामुळे घोट्याभोवतीचे आणि पोटा-पाठीचे स्नायू सतत काम करत राहतात. ती चार पायांवर चढेल, मध्येच लोळेल, आडवी होऊन हसत बसेल. लोळण्यालाही किंमत आहे, ते थांबवू नका. दोनच नियम पाळा. डोंगर खिडकीपासून आणि टीपॉयच्या कोपऱ्यापासून लांब असावा, आणि उशीखाली तोंड दाबलं जाईल अशा अवस्थेत तिला एकटी सोडू नये.

याच सामानातून बोगदाही होतो. दोन खुर्च्यांवर चादर टाका, पलीकडे आजोबांनी बसायचं. चालता येणाऱ्या मुलाला पुन्हा रांगायला लावणं म्हणजे मागे जाणं नव्हे. खांदे, मनगटं आणि तळहात यांवर शरीराचा भार येतो तो रांगतानाच, आणि पुढे पेन्सिल धरणारी बोटं ज्या खांद्याच्या जोरावर चालणार आहेत तो खांदा इथे तयार होतो.

माझा सर्वांत आवडता खेळ कांदे-बटाट्यांच्या टोपलीचा आहे. टोपली खोलीच्या एका टोकाला, रिकामं पातेलं दुसऱ्या टोकाला. एक एक बटाटा नेऊन टाकायचा. या वयाच्या मुलांना नेणं-आणणं या कामाचं वेडच असतं. पातेल्यात पडताना होणारा आवाज हे बक्षीस पुरेसं आहे. तुम्ही स्वयंपाक करा, ती पंधरा मिनिटं कामात राहील. मध्येच तिच्याकडे नीट पाहा. बटाटा उचलताना ती गुडघे वाकवून, टाचा जमिनीला टेकवून उकिडवी बसते का? की पाय ताठ ठेवून कमरेतून वाकते आणि तोल जाऊन बसकण मारते? पहिलं होत असेल तर मांड्या आणि पाठ छान तयार होतायत. दुसरं होत असेल तर टोपली जमिनीवर ठेवण्याऐवजी आधी पाटावर ठेवा, म्हणजे तिला अर्धंच वाकावं लागेल. आठवडाभराने पाट काढून टाका. मी मुलं तपासते तेव्हाही साधारण हेच पाहते, फक्त बटाट्याऐवजी ठोकळे असतात.

ओढण्या-ढकलण्याचे खेळ त्याच जातीचे. धुतलेल्या कपड्यांची बादली दोरीपर्यंत ढकलत न्यायची, भाजीची हलकी पिशवी दारापासून ओट्यापर्यंत ओढायची, अर्ध्या लिटरची भरलेली बाटली दोन्ही हातांत धरून आजोबांना नेऊन द्यायची. वजन उचलताना मूल आपोआप पाय फाकवून, पोट आवळून चालतं. माळ्यावर जुना लाकडी पांगुळगाडा असेल तर खाली काढा. तुमची मुलगी चालते, तेव्हा तो आता तिच्यासाठी मालगाडी. गुळगुळीत फरशीवर तो फार पळतो, म्हणून त्यात दोन किलो तांदळाची पिशवी बांधून ठेवा.

पण पांगुळगाडा वेगळा आणि मध्ये बसवायचा चाकांचा वॉकर वेगळा. दोन्हींना घरात ‘गाडा’च म्हणतात, म्हणून सांगते. पांगुळगाड्यात मूल स्वतःच्या पायांवर उभं असतं. वॉकरमध्ये ते पट्ट्यावर लटकतं, चवड्यांनी जमीन ढकलतं आणि आपले पाय त्याला दिसतही नाहीत. वॉकरने चालणं लवकर येत नाही, उलट थोडा उशीर होऊ शकतो, आणि जिन्यावरून तो मुलासकट गडगडतो. कॅनडाने २००४ मध्ये याची विक्रीच बंद केली. आपल्याकडे अजून बारशाच्या भेटींत तो येतो. आला असेल तर चाकं काढून त्यात कपडे ठेवा.

तिसरा मजला ही तुमची अडचण नाही, सोय आहे. बाहेरून येताना लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर सोडा आणि शेवटचा जिना तिला चढू द्या. सुरुवातीला ती हात टेकून, चार पायांवर चढेल. नंतर एक हात भिंतीला किंवा कठड्याला आणि एक तुमच्या बोटाला. तुम्ही नेहमी तिच्या एक पायरी खाली राहायचं, चढतानाही आणि उतरतानाही. दोन्ही पाय एकाच पायरीवर ठेवून मग पुढची पायरी घेणं या वयात अगदी बरोबर आहे. मोठ्यांसारखं एकाआड एक पाय टाकत चढणं तीन वर्षांच्या आसपास येतं, आणि तसं उतरणं साधारण चौथ्या वर्षी. उतरायला सुरुवातीला सोफ्याचाच धडा वापरा: पालथं होऊन, पाय आधी. एकच अट, ऑफिसला निघताना हा खेळ करू नका. घाईच्या वेळी तुम्ही तिला उचलणारच, आणि ‘कधी चढू देतात, कधी नाही’ हे तिला कळत नाही. आणि घरातल्या दाराला, गॅलरीला कडी असू द्या. जिना चढायला शिकलेलं मूल तो एकटं चढायला जातं.

चेंडूचं फार सांगत नाही, तो प्रत्येक घरात असतो. तिच्या दोन हातांत मावेल एवढा, हलका, थोडा कमी हवेचा घ्या, म्हणजे तो पळून जाणार नाही. सध्या ती चेंडूवर चालत जाऊन धडकेल. उभं राहून लाथ मारणं दोन वर्षांच्या आसपास येतं, कारण त्यासाठी क्षणभर एका पायावर तोलावं लागतं. झेलणं तर अजून खूप लांब आहे. तोपर्यंत समोरासमोर पाय फाकवून बसून घरंगळत देणं-घेणं पुरे. पावसाळ्यात घरात कोंडलेल्या दिवशी मोज्यांचे गोळे करून बादलीत टाकायला लावा. टीव्हीही फुटत नाही, शेजाऱ्यांची तक्रारही येत नाही.

उडी शिकवायच्या मागे लागू नका. दोन्ही पाय एकदम जमिनीवरून उचलणं दोन ते अडीच वर्षांत जमतं. त्याआधी गुडघे वाकवून नुसतं ‘उडी’ म्हणणं ही उडीचीच तयारी असते. कमी उंचीच्या पाटावरून खाली उतरायला द्या, ओल्या फरशीवर नाही. इथे एक इशारा, कारण हा अपघात मी वारंवार पाहते. लाडात येऊन आई-बाबा मुलाचे दोन्ही हात धरून झोका देतात, किंवा रस्ता ओलांडताना एकाच हाताने वर खेचतात. पाच वर्षांखालच्या मुलांच्या कोपरातलं हाड असा झटका बसला की आपल्या जागेवरून निसटू शकतं. सूज नसते, मूल फक्त तो हात लुळा ठेवतं आणि हलवू देत नाही. डॉक्टर तो क्षणात बसवतात, घरी ओढाताण करू नये. झोकाच द्यायचा तर काखेत धरून द्या. विमानाचा खेळ, पाठीवरचा घोडा, मांडीवरची सीसॉ हे सगळं बेलाशक करा, मनगट धरून मात्र नाही.

हातांच्या खेळांसाठी तुमचं स्वयंपाकघर कोणत्याही दुकानापेक्षा भरलेलं आहे. कणकेचा गोळा द्या: थापटणं, बोटं खुपसणं, तुकडे तोडणं, छोट्या लाटण्याने लाटणं. एकात एक बसणाऱ्या वाट्या आणि डबे. झाकण लावणं आणि काढणं या एकाच खेळात अर्धा तास जातो. गच्चीवर किंवा मोरीत पाण्याचा मग आणि चाळणी. कपड्यांचे चिमटे डब्याच्या कडेला लावणं अडीच वर्षांच्या मुलाला जमतं; तुमच्या मुलीला सध्या लावलेले ओढून काढायला द्या. जुन्या ब्रशने गॅलरीच्या भिंतीवर नुसत्या पाण्याने ‘रंगवणं’ हा खेळ तर मी प्रत्येकाला सांगते, कारण हात खांद्याच्या वर जातो, चवड्यांवर उभं राहावं लागतं आणि भिंत दहा मिनिटांत वाळून पुन्हा तयार. साधारण दीड वर्षात मूल तीन-चार ठोकळ्यांचा मनोरा रचतं, दोन वर्षांत सहाचा. ठोकळे नसतील तर काड्यापेटीच्या रिकाम्या पेट्या चालतात. काड्या मात्र काढून टाका.

डाळी, राजमा, शेंगदाणे निवडण्याचे खेळ इंटरनेटवर पुष्कळ दिसतात, तिच्या वयाला ते नकोत. फुटाणे, शेंगदाणे, चिंचोके, मणी, नाणी हे सगळं तोंडात जातं, काही वेळा नाकात, आणि श्वासनलिकेत गेलेला शेंगदाणा फार वाईट. चिमटीची सवय व्हावी असं वाटत असेल तर मुरमुरे किंवा उकडलेल्या गाजराचे मऊ, बारीक तुकडे द्या. तोंडात गेले तरी चालतात, पण बसूनच खायचे, पळताना नाही. रिमोटमधला चपटा बटणसेल तर घरातला सर्वांत धोकादायक ‘खेळ’ आहे. गिळल्याची शंका जरी आली तरी वाट न पाहता तडक हॉस्पिटल गाठायचं. आणि पाण्याचा खेळ संपला की बादली तिथल्या तिथे रिकामी करायची. वीतभर पाणीही या वयाला बुडायला पुरतं.

अनवाणी खेळू द्या. ‘बूट घातले की लवकर चालतं’ ही समजूत आहे. उघड्या तळव्याला जमीन कळते, बोटं पसरून तोल धरतात. गुळगुळीत टाइल्सवर मोजे घालून सोडणं तर नकोच. तळवे सपाट दिसतात म्हणून आतून उंचवटा असलेले महागडे बूट आणायचा सल्ला कोणी देईल; या वयात तळव्याखाली चरबीची गादी असते, कमान पुढच्या चार-पाच वर्षांत दिसायला लागते. तसंच पायांच्या बाकाचं. दोन वर्षांपर्यंत पाय थोडे धनुष्यासारखे, मग तीन-चार वर्षांत गुडघे एकमेकांना लागतात, सहा-सात वर्षांपर्यंत बहुतेकांचे सरळ होतात. दोन्ही पाय मागे फाकवून मध्ये बसण्याची सवयही अनेक मुलांना असते. दर वेळी ओरडून सोडवायची गरज नाही, फक्त तिने इतरही प्रकारे बसावं म्हणून मांडी, उकिडवं, बाजूला पाय घेऊन असे बदल खेळातून आणा.

आता आजी-आजोबा. तुम्ही संध्याकाळी घरी येऊन ‘तिला उचलू नका’ म्हणालात तर घरात वादळ होईल आणि उपयोग शून्य. त्यांची बाजूही खरी आहे: गुडघे दुखतात, मुलीमागे पळता येत नाही, आणि आपल्या वेळी ती पडली तर बोल आपल्याला लागेल ही भीती मोठी असते. ती भीती आधी तुम्ही काढा. ‘थोडंफार पडली तरी आम्ही काही म्हणणार नाही’ हे मुलाने आणि सुनेने दोघांनी स्पष्ट सांगायला हवं. मग त्यांना बसून करता येतील अशी कामं द्या. आजोबा खुर्चीत बसून बटाटे मोजून घेतील, बोगद्याच्या टोकाला थांबतील. आजी निवडणं-टिपणं करत असताना तिला भाजीच्या काड्या उचलून टोपलीत टाकायला लावतील. सकाळी ऊन कोवळं असताना खाली सोसायटीत किंवा गच्चीवर अर्धा तास. बाबागाडी नको, परत येताना दमली तर खुशाल कडेवर घ्या. दमल्यावर कडेवर घेणं लाड आहेत आणि लाड हवेतच. चालायच्या आधीच कडेवर घेणं तेवढं टाळायचं.

खेळण्यांची यादी मी देत नाही. एक चेंडू, काही ठोकळे, जाड खडू, बस. १९४५ मध्ये बोर्डीत ताराबाई मोडकांनी ग्रामबालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे अनुताई वाघांच्या साथीने अंगणवाडीला रूप दिलं, तेव्हा परदेशी महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, पानं आणि मातीच घेतली होती. आजच्या ‘ॲक्टिव्हिटी बॉक्स’मध्ये बहुधा त्याच वस्तू प्लॅस्टिकच्या करून दिलेल्या असतात. जिमचं म्हणाल तर वाईट काही नाही. आठवड्यातून दोनदा पाऊण तास मुलगी उड्या मारेल, तुम्हालाही चार पालक भेटतील. पैसे जड नसतील आणि तिथले शिक्षक मुलाला ढकलत नसतील तर जरूर जा. पण दोन दिवसांच्या पाऊण तासाने उरलेले पाच दिवस भरून निघत नाहीत, आणि ‘लेखी हमी, मेंदूचा विकास’ असं जिथे लिहिलंय तिथून मागे फिरा.

एक तपासणी मात्र करून घ्या. मुलगी लवकर दमते का, फिकी दिसते का, दिवसभर दुधावरच असते का? आपल्या देशात ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांपैकी ६७ टक्के मुलांना रक्तक्षय असल्याचं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसलं. दूध भरपूर आणि जेवण चमचाभर, अशा मुलांत लोह कमी पडतं. मग खेळ कितीही चांगला दिला तरी मूल बसून राहतं. फ्लॅटमध्ये वाढणाऱ्या मुलांत ड जीवनसत्त्वाची कमतरताही सापडते. मनगटं रुंद वाटणं, पायांचा बाक वाढत जाणं, उशिरा चालणं ही तिची चिन्हं. दोन्हीवर उपाय सोपे आहेत, पण ते बालरोगतज्ज्ञांनी ठरवायचे, औषधाच्या दुकानातून परस्पर आणायचे नाहीत.

खालच्या गोष्टी दिसल्या तर खेळांवर वेळ घालवू नका, डॉक्टरांकडे जा: अठरा महिने उलटून गेले तरी मूल आधाराशिवाय चालत नाही, वर्षाच्या आधीपासूनच एकच हात वापरतं आणि दुसऱ्याची मूठ मिटलेली राहते, एक पाय ओढत चालतं, कायम चवड्यांवरच चालतं आणि टाच दाबूनही खाली येत नाही, किंवा जे येत होतं ते येईनासं झालं. हे शेवटचं तर त्याच आठवड्यात दाखवायचं. तीन वर्षांनंतरही जमिनीवरून उठताना मूल हात मांड्यांवर टेकवत वर चढत असेल, वरचेवर पडत असेल आणि पोटऱ्या वाजवीपेक्षा भरीव दिसत असतील, विशेषतः मुलगा असेल, तर स्नायूंची तपासणी करायलाच हवी. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या मुलांचं वय मोजताना, दोन वर्षांपर्यंत, तेवढे आठवडे वजा करायचे, हे अनेक घरांत विसरलं जातं. खर्चाची अडचण असणाऱ्यांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. त्याखाली जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत, तिथे तपासणी आणि उपचार मोफत होतात. अंगणवाडीताईंना विचारलंत तर त्या नाव पाठवायला मदत करतात.

तुमच्या मुलीत तुम्ही लिहिलंत त्यावरून यातलं काही दिसत नाही. सोफा आणि बटाट्यांपासून सुरुवात करा, पुढच्या पंधरवड्यात गादी, त्यानंतर जिना. दुसऱ्या वाढदिवसाला तीन गोष्टी पाहा: पळते का, कठडा धरून दोन-चार पायऱ्या चढते का, आणि चेंडूला पाय लावते का. तिन्ही होत असतील तर माझ्याकडे यायचं काही कारण नाही. एकही होत नसेल तर या, येताना तिला घरच्या कपड्यांत आणि अनवाणी आणा, म्हणजे मला पाय नीट पाहता येतील.